रिलीफचा फॅमिली टेंट: लालबागच्या मंडपवाल्याचं मत

आधी मार्क सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड मार्क शिलाईचा नाही, कापडाचाही नाही. तो कशाचा, हे सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

माल म्हणजे काय, तर युद्धातून पळून आलेल्या कुटुंबाला छावणीत जो तंबू मिळतो तो. बातम्यांमध्ये वाळवंटात रांगेने पांढरट तंबू दिसतात ना, त्यातला एक. यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि रेड क्रॉसवाले, यांनी मिळून याचं माप, कापड, दोरी सगळं ठरवून दिलंय. जगात कुठेही शिवला तरी तंबू तसाच निघाला पाहिजे. जगभर जाणारे यातले बरेचसे तंबू पाकिस्तानात लाहोर-कराचीकडे शिवले जातात, आपल्याकडेही काही लोक हा माल करतात. दुकानात टांगलेला मिळणार नाही.

आमच्या हाती कसा लागला? 20 जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. त्या निमित्ताने मुंबईतल्या एका कॉलेजने आवारात प्रदर्शन भरवलं. भिंतीवर नकाशे, फोटो, आणि मधोमध खरा तंबू, आत शिरून बघता येईल असा. नमुन्याचा तंबू भिवंडीच्या एका गोदामातून आला आणि उभा करायला आम्हाला फोन आला, कारण त्यांच्या गॅदरिंगचा मंडप वर्षानुवर्षं आमचाच. सोबत ताडपत्री, ब्लँकेटं, पाण्याचा कॅन, भांड्यांचा संच, असा एका कुटुंबाला मिळतो तो सगळा सरंजाम होता. प्रदर्शन उठेपर्यंत तंबूची जबाबदारी आमच्यावर होती, तीही भर पावसात. त्यामुळे लिहितोय ते वापरून बघून लिहितोय.

तंबू एका लांबलचक गोणीत येतो. वजन पन्नास किलोच्या वर. एकट्याने खांद्यावर घ्यायच्या भानगडीत पडू नका, दोघं लागतात. आत लोखंडी खांब, आडवा डांडा, खुंट्या, हातोडी, दोऱ्या, आणि एक छोटी पिशवी. त्या पिशवीत सुई, जाड दोरा आणि तंबूच्याच कापडाचे तुकडे. ही पिशवी बघून मी तिथेच अर्धा मार्क वाढवला. फाटणार हे धरूनच ज्याने माल पाठवला, त्याला धंदा कळतो. आमच्याकडे नवीन ताडपत्री घ्यायला गेलात तर दुकानदार शपथेवर सांगतो, 'शेट, दहा वर्षं बघायला नको', आणि पहिल्याच श्रावणात तिची रिंग निघून हातात येते.

उभा करायचं शिकवणारा कागद आहे, त्यावर फक्त चित्रं, अक्षर एकही नाही. सीरियाचा माणूस असो की सुदानचा, वाचता येणारा असो की नसो, चित्र बघून जमलं पाहिजे. आमच्या मुकादमाने कागद उलटा धरला, हसला आणि खिशात घातला. चहा येईपर्यंत तंबू उभा होता. प्रदर्शन भरवणाऱ्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, ''तुम्ही केलात तर काय नवल? तिकडे मंडपवाले नसतात.'' मुद्दा पटला. मग तंबू पाडला आणि कागद विद्यार्थ्यांच्या हातात दिला. आम्ही बाजूला उभे राहून गंमत बघत होतो. मधला डांडा आधी वाकडा बसला, दोघीजणी कापडाच्या आतच अडकल्या, एकाने खुंटी उलटी ठोकली. पण झाला उभा. जरा एका अंगावर कललेला, पण तंबूच. शिकलेला कारागीर न लागता उभा राहतो, या बाबतीत पैकीच्या पैकी.

एक भानगड मात्र झाली. कॉलेजचं आवार म्हणजे सगळे पेव्हर ब्लॉक. खुंटी ठोकणार कुठे? आम्ही गोण्यांत रेती भरली आणि दोऱ्या त्यांना बांधल्या, गणपतीत रस्त्यावर खड्डा पाडायला बंदी असते तेव्हा करतो तसंच. नंतर कळलं की वाळवंटातही हीच युक्ती लागते. भुसभुशीत वाळूत खुंटी धरत नाही, लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच वर येते. मग पोत्यात वाळू भरायची, दोरी पोत्याला बांधायची, पोतं खड्ड्यात पुरायचं. कागदावर न दाखवलेली ही गोष्ट तिथल्या लोकांना पहिल्या वावटळीत आपोआप समजत असणार.

आता माप. मधली खोली 16 चौरस मीटर, म्हणजे 172 चौरस फूट. पुढच्या-मागच्या दाराला एकेक पडवी, प्रत्येकी साडेतीन चौरस मीटरची. सगळं मिळून 23 चौरस मीटर. बीडीडी चाळीत जन्म गेलेल्या माणसाला हे माप समजावून सांगावं लागत नाही. आमची खोली 160 फुटांची होती, तीत आम्ही सात जण. हा तंबू पाच जणांसाठी धरलेला आहे. मदतकार्यासाठी स्फिअर नावाची एक नियमावली आहे, 1997 पासून तिचं काम सुरू झालं. तिच्या हिशेबाने माणशी किमान साडेतीन चौरस मीटर डोक्यावर छप्पर असलेली जागा हवी. पाच गुणिले साडेतीन, साडेसतरा. म्हणजे नुसत्या खोलीत हिशेब दीड चौरस मीटरने तुटतो, पडवी धरली तर भरपूर होतो. पण पडवीत चूल, पाणी, चपला. आमच्या चाळीत गॅलरी होती, संडास बाहेर होता, खाली मैदान होतं, म्हणून सात जण मावले. खोलीच्या मापाने माणसं मावत नसतात, बाहेर पाय टाकायला जागा किती यावर मावतात. मधोमध उंच माणूस आरामात उभा राहतो, कडेला वाकावंच लागतं. सासूबाई आणि सून यांनी एकाच वेळी कपडे कसे बदलायचे, याचं उत्तर तंबूत नाही. आमच्या खोलीतही नव्हतं, दोन खिळे आणि एक साडी एवढंच होतं.

कापड दुपदरी आहे. बाहेरचं कापूस-पॉलिस्टर मिश्रणाचं, 350 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) आसपास, चांगलं दणदणीत. आतलं पातळ, 130 च्या घरातलं. दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट. ऊन वरच्या कापडावर पडतं, तापलेली हवा फटीतून निघून जाते, असा विचार. शिलाईकडे मी चष्मा लावून बघितलं. दोन कापडं एकमेकांत दुमडून वर दोन टाके समांतर मारलेत, त्यामुळे कापडाची कच्ची कड कुठेच उघडी नाही, पाणी शिरायला वाट नाही. जिथे जिथे दोरीचा ताण येतो तिथे आतून जाड नवार लावून चौकोनात फुली मारून शिवलंय. कोपऱ्याला मुकादमाने मुद्दाम लोंबकळून बघितलं. त्याचं वजन ऐंशीच्या पुढे. टाका हलला नाही. खाली चारी बाजूंनी प्लास्टिकची पट्टी आहे, ती बाहेर पसरून वर माती टाकायची, म्हणजे वारा, पाणी आणि विंचू खालून आत येत नाहीत. तंबूला आग पटकन धरू नये म्हणून कापडावर प्रक्रिया केलेली असते. तरी नियम असा की दोन तंबूंत किमान दोन मीटर अंतर, आणि दर 300 मीटर वस्तीनंतर 30 मीटर पट्टा मोकळा, आग पुढे जाऊ नये म्हणून. आम्हाला अग्निशमन दलाची एनओसी काढताना जी कटकट होते ती आठवून बरं वाटलं, की कुठेतरी हा विचार पहिल्यापासून केलाय.

पावसाबद्दल बोलतो, कारण वाळवंटासाठी ओळखला जाणारा हा तंबू आम्ही मुंबईच्या जूनमध्ये तपासला. पहिल्या सरीला कापड भिजलं, सूत फुगलं, भोकं बुजली आणि पाणी वरून ओघळून गेलं. कोरडं ठणठणीत. मग एका विद्यार्थ्याने आतून छताला बोट लावलं, 'बघू किती ओलं आहे' म्हणून. जिथे बोट लागलं तिथून थेंब सुरू. ओल्या सुती कापडाचा हा जुना स्वभाव आहे, आतून काही टेकलं की पाणी तिथेच खाली उतरतं. बाहेरच्या कापडाला आतलं कापड चिकटलं तरी तेच. म्हणजे तंबू नीट ताणलेला असला तरच कोरडा, आणि रोज दोऱ्या ताणायला माणूस हवा. त्या पोराला मी तिथेच बादली धरून उभं केलं.

वाळवंटात पाऊस कुठला, असं म्हणणाऱ्यांसाठी: जॉर्डनमधली झातारी छावणी 28 जुलै 2012 ला उघडली, सीरियाची हद्द तिथून डझनभर किलोमीटरवर. लोक एवढे आले की काही महिन्यांत ती लाखाच्या वर गेली. जानेवारी 2013 मध्ये पाऊस असा कोसळला की तंबूंमध्ये पाणी शिरलं, चिखलात गाद्या. जानेवारी 2015 मध्ये तर त्याच छावणीत बर्फ पडला. वाळवंट म्हणजे बाराही महिने भट्टी हा आपला समज. रात्रीची आणि हिवाळ्याची थंडी कुणी धरतच नाही. तंबू बनवणाऱ्यांनी धरली आहे. छताजवळ शेगडीचं धुराडं बाहेर काढायला जळणार नाही असं एक गोल तोंड ठेवलंय. आमच्या पोरांना वाटलं एक्झॉस्ट फॅनची जागा.

उकाड्याचं मात्र मला पटलं नाही. एके दुपारी पाऊस थांबून कडक ऊन पडलं. दोन्ही दारं उघडी, झडपा वर, तरी आत पाच मिनिटं बसलो आणि सदरा पाठीला चिकटला. मुंबईचा दमटपणा वेगळा, मान्य. पण पारा चाळिशीच्या वर जातो तिथे दुपदरी कापडाने काय होणार? वरून हिरव्या नेटसारखी सावलीची जाळी वेगळी टाकली तर फरक पडतो, हे कुठलाही मंडपवाला सांगेल. दुपारच्या लग्नात आम्ही छताच्या वर हातभर अंतर सोडून नेट मारतो. तशी जाळी काही ठिकाणी देतात म्हणे, पण आमच्या गोणीत नव्हती. माझ्या मते ती तंबूसोबतच शिवून यावी.

सोबतच्या सामानात मला सगळ्यात आवडली ती ताडपत्री. आकार 4 बाय 5 मीटर, रंग पांढरा. पांढरी बघून मुकादमाने नाक मुरडलं, दोन दिवसांत मळेल म्हणाला. मी कोपऱ्याची कड ब्लेडने किंचित खरवडली (सांगू नका कुणाला) तर आतलं विणकाम काळंकुळीट. बाहेरून दोन्ही अंगांनी पांढरा लेप, मध्ये काळा धागा. पांढरं ऊन परतवतं, काळं उजेड आरपार जाऊ देत नाही. याचा दुसरा फायदा मॅडमनी सांगितला तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो: रात्री आत दिवा लावला की साध्या पातळ ताडपत्रीवर आतल्या माणसांच्या सावल्या बाहेरून स्पष्ट दिसतात. आत बाई एकटी आहे हे अख्ख्या रांगेला कळतं. काळा धागा त्यासाठीही. आपल्याकडे फुटपाथवर, बांधकामाच्या साइटवर निळ्या ताडपत्रीत बायका वर्षानुवर्षं राहतात. मी आयुष्यभर ताडपत्री विकत घेतली, भाड्याने दिली, पण हा विचार मला कुणी शिकवला नव्हता. दर मीटरला रिंग, आणि मध्ये जाड पट्टे विणलेले, म्हणजे रिंग निघाली तरी पट्ट्याला खिळा मारता येतो. लोहार चाळीतल्या किंवा मशीद बंदरच्या कुठल्याही दुकानात ही मिळाली तर मी डोळे झाकून शंभर घेईन. वजन 200 जीएसएमच्या आसपास आहे, आपल्याकडे 200 सांगून हातात काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे.

ब्लँकेट फ्लीसचं होतं, हलकं, बरं. पूर्वी अशी मदतीची ब्लँकेटं मोठ्या प्रमाणावर पानिपतहून जायची. जगभरचे टाकलेले लोकरीचे कपडे तिथे येतात, फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात, त्याची राखाडी ब्लँकेटं. आपल्याला पानिपत म्हटलं की 1761 च आठवतं. भांडी स्टीलची, मोठं पातेलं सात लिटरचं, पाच ताटं, पाच वाट्या, पाच पेले. झाकणाऐवजी तव्यासारखं भांडं वर बसतं, ही हुशारी. पाण्याचा कॅन घडीचा, दहा लिटरचा. रिकामा असताना चपटा होतो, पण भरल्यावर त्याची मूठ बोटांत रुतते. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी हे स्फिअरचं माप. पाच जणांना 75, म्हणजे त्या मुठीचे सात-आठ हेलपाटे रोज. हे हेलपाटे कोण घालतं, ते विचारायची गरज नाही.

प्रदर्शनाला डोंबिवलीचे एक गृहस्थ आले होते. मदतकार्यातच सामानाची ने-आण बघायचे, दुबईला आणि जॉर्डनला राहून आलेले. दुबईत 2003 पासून मदतसामानाची मोठी गोदामं आहेत, निरनिराळ्या संस्थांचा माल तिथे आधीच साठवलेला असतो, कुठे लढाई पेटली की विमानात चढतो. तासभर ते आणि मी तंबूच्या पडवीत खुर्च्या टाकून बसलो. मी विचारलं, ''काका, लोक हे तंबू विकतात म्हणे? पेपरात वाचलं होतं.'' मला वाटलं सारवासारव करतील. ते म्हणाले, ''विकतात की. तुमच्याकडे चार ब्लँकेटं आहेत आणि पोराला दूध नाही, तुम्ही काय कराल?'' झातारीत तंबूचं कापड कापून लोकांनी पडदे शिवले, मोरीला आडोसे केले, दोन तंबू जोडून मध्ये अंगण काढलं. पुढे तंबूंच्या जागी पत्र्याचे तयार डबे आले, त्यांना तिथे कॅराव्हान म्हणतात. लोकांनी तेही हलवले, जोडले, विकत घेतले. मुख्य रस्त्यावर दुकानांची रांगच्या रांग उभी राहिली, त्याला पॅरिसच्या रस्त्यावरून शाँज एलिझे म्हणू लागले. लग्नाचा पोशाख भाड्याने देणारी दुकानंसुद्धा त्यात आहेत. हे ऐकून मला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. जिथे लग्न आहे तिथे उद्या मंडपही येणार.

वाण्याकडचा हिशेबही तिथे बदलला. धान्याच्या पिशव्या वाटण्याऐवजी कुटुंबाच्या नावावर पैसे जमा होतात. 2016 मध्ये सुपरमार्केटच्या काउंटरवर डोळ्याचं बुबुळ स्कॅन करून बिल वळतं करणं सुरू झालं. कार्ड नको, पाकीट नको. तुरीची डाळ हवी की मसुराची, हे बाई स्वतः ठरवते. पण पैसे देणाऱ्यांचा हात आखडला की हाच आकडा खाली येतो. जागतिक अन्न कार्यक्रमाने 2023 मध्ये निधी नाही म्हणून झातारी आणि अझ्राक या दोन छावण्यांतली माणशी मदत साधारण एक तृतीयांशाने कापली.

यावरून एक वैताग सांगतो. प्रदर्शनाची जाहिरात कुणीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवली आणि लोक जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन यायला लागले. कुणी मागितली नव्हती. त्यात जरीच्या साड्या, एक स्विमिंग कॉश्च्युम, शाळेचे गणवेश, एका पायाचे बूट. विद्यार्थी बिचारे नाही म्हणू शकले नाहीत. शेवटी ते गाठोडं हलवायला टेम्पो आमचाच लागला. डोंबिवलीकर काकांनी हात जोडले. म्हणाले, अशी गाठोडी बंदरात पडून राहतात, ती निवडायला माणसं लागतात, आणि औषधाच्या खोक्याची जागा अडते. दिवाळीची साफसफाई दान म्हणून खपवू नये, एवढं माझंही मत. द्यायचंच असेल तर पैसे द्या, काय घ्यायचं ते घेणाऱ्याला ठरवू द्या.

आता कापलेल्या दीड मार्काकडे येतो. त्यातला अर्धा त्या जाळीचा, वर सांगितलाच. उरला एक. या तंबूचं ठरवून दिलेलं आयुष्य किमान एक वर्ष. कुठल्याही हवामानात वर्षभर टिकला की पास. मंडपवाल्याला विचाराल तर उघड्यावर, उन्हावाऱ्यात, रोजच्या वापरात वर्ष काढणं म्हणजे कापडाची कमाल झाली. आमचा मंडप अकरा दिवस उभा असतो आणि विसर्जनानंतर कापड कसं दिसतं ते बघा. वाळवंटातलं ऊन सुताचं पीठ करतं. तर वर्षाच्या मानाने माल उत्तम.

पण राहणारा वर्षभर राहतो का? अल्जीरियात तिंदूफ नावाचं गाव आहे, सहाराच्या पार कोपऱ्यात, दगड-धोंड्यांचं माळरान. 1975 मध्ये स्पेनने पश्चिम सहारातून पाय काढला, मोरोक्को आत शिरला, तिथल्या साहरावी लोकांच्या पोलिसारिओ संघटनेशी युद्ध जुंपलं आणि साहरावी पळून इथे आले. पाच छावण्या. नावं त्यांच्या मागे राहिलेल्या गावांची: लायून, स्मारा, औसेर्द, दाखला, बुजदूर. पुरुष लढाईवर, छावणी उभारली आणि चालवली बायकांनी. 1991 मध्ये युद्धबंदी झाली, ती 2020 मध्ये मोडली, आणि लोक अजून तिथेच. म्हणजे पन्नास वर्षं. वर्षाच्या तंबूने हिशेब केला तर एका घराला पन्नास तंबू. एवढे कुणी देत नाही, त्यामुळे लोकांनी मातीच्या विटा पाडल्या, खोल्या बांधल्या, तंबू शेजारी ठेवला. ऑक्टोबर 2015 च्या पावसात त्या मातीच्या भिंती विरघळल्या, पुन्हा बांधल्या.

आणि जिथे आता नव्याने लोक येतायत तिथे तर वर्षाचा तंबूही पोचत नाही. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई सुरू झाली, पश्चिमेच्या दारफूर भागातून लाखो माणसं हद्द ओलांडून चाडमध्ये आद्रे गावाशी आली. भिंतीवरच्या फोटोत काटक्यांचे कमानीसारखे सांगाडे होते, वर जे हाती लागेल ते कापड बांधलेलं. आमचा मुकादम त्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, ''गाठ चांगली मारलीय.''

यावर उपाय म्हणून लोकांनी डोकी चालवली नाहीत असं नाही. स्वीडनमध्ये एक तयार घर निघालं, बेटर शेल्टर नावाचं. सपाट खोक्यांतून येतं, चार माणसं काही तासांत जोडतात, साडेसतरा चौरस मीटर, दाराला कुलूप लागतं, सोलरचा दिवा आहे. त्याला लंडनमध्ये 2016 चं डिझाइनचं मोठं बक्षीसही मिळालं. अझ्राकमध्ये 2014 पासून पत्र्याच्या पक्क्या शेड टाकल्या, 24 चौरस मीटरच्या. पण पत्रा तापतो, आणि पक्कं काही दिलं की ज्या देशात छावणी आहे ते सरकार बिचकतं: ही माणसं आता जाणारच नाहीत की काय? म्हणून माल तात्पुरता मागवायचा, तात्पुरता द्यायचा, आणि दर वर्षी नवा मागवायचा. कापलेला मार्क याचा आहे. कारागिराच्या हाती तो नाही, ऑर्डर देणाऱ्याच्या हाती आहे.

माझा कापडवाला उल्हासनगरचा सिंधी आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला. 1947 मध्ये कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत त्याच्या आजोबांना आणून ठेवलं होतं, तात्पुरतं. 1949 मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. त्याच्या बिलबुकावर आजही पत्ता आहे तो बॅरक नंबरचाच. ''फरक इतनाच शेट,'' तो म्हणाला, ''आमच्या डोक्यावर सैन्याने बांधलेलं छप्पर होतं आणि दुसऱ्या वर्षी हातात दुकानाचं लायसन होतं.'' भाव मात्र त्याने एक रुपयाही कमी केला नाही.

परत भरताना तंबूने छळलं. ओला तंबू घडी करून ठेवला तर चार दिवसांत काळे डाग आणि वास, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. म्हणून गोदामात दोन दांड्यांवर पसरून पंख्याखाली वाळवला, मग गोणीत कोंबला. मूळ गोणीत तो पुन्हा पूर्ण बसत नाही, लिहून घ्या. तोंड सुतळीने शिवावं लागलं.

कॉलेजच्या मॅडमना पुढच्या वर्षीसाठी सांगून ठेवलंय. नुसता तंबू मांडू नका, बघणाऱ्याला वाटतं सहल आहे, पोरं आत शिरून सेल्फी काढतात. तंबूला लागून विटांची अर्धी भिंत दाखवा, वर पत्र्याचा तुकडा, बाजूला तंबूच्याच कापडाची मोरी. दहाव्या वर्षी ते घर जसं दिसतं तसं. मॅडमना कल्पना आवडली, कोटेशन मागितलंय. तंबू, नेट आणि ताडपत्रीचं मी देईन. भिंतीला गवंडी लागेल, त्याचे वेगळे.